वळशाचं तिकीट

थोरल्या भावाच्या नातीने घरात कुणालाही न विचारता लग्न केलं, आणि महिनाभर रुसून झाल्यावर सगळ्यांनी ते मुकाट्याने मान्यही करून टाकलं, त्या वर्षीची ही गोष्ट. वर्ष सरत आलं होतं. थोरला दवाखान्यात होता, आणि धाकटा त्याला भेटायला निघून सकाळीच विमानतळावर चुकीच्या रांगेत उभा होता. म्हणजे त्याच्या मते रांग बरोबर होती. काउंटरवरच्या मुलीच्या मते चुकीची. पायाखाली लाल जाजम, दोन्ही बाजूंना पितळी खांबांना अडकवलेली जाड मखमली दोरी, आणि पुढे कुणी नाही. ही त्याची रांग होती, वर्षानुवर्षांची. त्याने नेहमीप्रमाणे ओळखपत्रावर आपलं सोनेरी कार्ड ठेवलं आणि नेहमीप्रमाणे मुलीकडे न बघता घड्याळाकडे बघितलं. मुलीने कार्ड यंत्राला दाखवलं, पुन्हा दाखवलं, आणि मग ताटात सापडलेला केस बाजूला करावा तसं दोन बोटांनी उचलून त्याच्यापुढे ठेवलं. “काका, तुम्हाला त्या बाजूच्या रांगेत जावं लागेल,” ती म्हणाली. त्याला आधी ‘काका’ ऐकू आलं आणि मग बाकीचं. साठी उलटून गेली होती, पण या काउंटरवर त्याला कुणी काका म्हटलं नव्हतं. “पुन्हा बघा,” तो म्हणाला. “बघितलं ना. नवीन सिस्टिम आलीय या आठवड्यात. त्यात तुमचं कार्ड साधं दाखवतंय.” “साधं म्हणजे?” “साधं म्हणजे साधं,” मुलगी म्हणाली आणि तिने त्याच्या खांद्यावरून मागे बघितलं, कारण मागे कुणीतरी येऊन उभं होतं. अर्ध्या चड्डीतला, रबरी चपला घातलेला, कानात बोंडं खुपसलेला एक पोरगा. “या सर,” मुलगी त्याला म्हणाली. आवाज तोच होता, ज्यात इतकी वर्षं ती किंवा तिच्यासारख्या दुसऱ्या कुणी याला ‘या सर’ म्हणत आल्या होत्या. तो बाजूला झाला. दोरीचा आकडा काढून तिने त्याला वाट करून दिली, तेवढी माणुसकी दाखवली.

मोठी रांग त्याने आजवर शेजारून जातानाच बघितली होती, गाडीच्या खिडकीतून दुसऱ्याची चाळ बघावी तशी. आता तो तिच्या शेपटीला लागला. पुढे एका बाईने जमिनीवर बसून दोन बॅगा उघड्या टाकल्या होत्या आणि ती एकीतले कपडे दुसरीत कोंबत होती, कारण एकीचं वजन जास्त भरलं होतं. आतले कपडे चारचौघांत पसरले होते आणि तिचा नवरा छताकडे बघत होता, जणू ही बाई कोण याची त्याला कल्पनाच नाही. मूर्ख, असं त्याने मनात म्हटलं. तिकिटाच्या खाली बारीक अक्षरात वजन लिहिलेलं असतं. ही माणसं वाचतच नाहीत. तिकीट रद्द केलं की पैसे का परत मिळत नाहीत, नाव का बदलत नाही, परवा जे स्वस्त होतं ते आज महाग कसं, म्हणून काउंटरवर येऊन रडतात. त्याला सगळं पाठ होतं. जाण्याचं तिकीट वापरलं नाही की येण्याचं आपोआप बाद होतं. एकाच विमानात शेजारीशेजारी बसलेल्या दोघांनी एकाच खुर्चीला दिलेले भाव वेगळे असतात, आणि ज्याने जास्त दिला तो गाढव असतो. लोक सकाळी पेपर वाचतात तसे तो नियम वाचायचा. पण सिस्टिम बदलणार, आता उड्डाणं मोजणार नाहीत, खर्च मोजणार, हे सांगणारी मेल आली होती त्यावर समुद्रकिनाऱ्यावर हसत पळणाऱ्या एका जोडप्याचा फोटो होता. त्याने ती जाहिरात समजून पुसून टाकली होती. आपल्यासाठी असलेला नियम असल्या हसऱ्या जोडप्याच्या मागे लपवून पाठवतील असं त्याला वाटलं नव्हतं. शिवाय, खरं सांगायचं तर, नियम आपल्यासाठी असतात असंही त्याला कधी वाटलं नव्हतं. ते मोठ्या रांगेसाठी असत. आपण ते माहीत असणारे.

तीस वर्षं तो एका विमा कंपनीसाठी कारखान्यांचे बॉयलर तपासत हिंडला. काम सोपं नव्हतं. आदल्या दिवसापासून विस्तव काढून थंड केलेल्या बॉयलरच्या पोटात, माणूस जेमतेम मावेल अशा भोकातून शिरायचं, कपाळाला दिवा बांधायचा, आणि लहान हातोडीने पत्र्यावर ठोके देत सरकायचं. चांगला पत्रा खणखणतो. आतून कुजलेला बद्द बोलतो. पुढे त्याला ही सवयच लागली. माणूस भेटला की दोन वाक्यांचे ठोके द्यायचे आणि आवाज ऐकायचा. बहुतेक सगळे बद्दच बोलायचे. साहेब बद्द, हाताखालचे बद्द, व्याही बद्द, शेजारी तर पत्राच नाही, नुसता गंज. तिकीट कंपनी काढायची, पण कुठल्या वाटेने जायचं ते तो ठरवायचा, आणि तिथे त्याची अक्कल चालायची. कार्डाची पायरी वर्षभरातल्या उड्डाणांच्या संख्येवर ठरत होती. सरळ गेलं की एक उड्डाण. मध्ये कुठेतरी उतरून दुसरं विमान धरलं की दोन. म्हणून तो सरळ कुठेच जायचा नाही. उत्तरेला जायचं तर आधी दक्षिणेला, असा द्राविडी प्राणायाम करत तो दुपारी तीनला कारखान्यात पोचायचा. तिथे आदल्या दिवसापासून बॉयलर थंड पडलेला, यंत्रं बंद, कामगार पायऱ्यांवर बसलेले, आणि मॅनेजर फाटकाशी येरझाऱ्या घालत असलेला. “साहेब, सकाळचं विमान होतं ना सरळ,” असं एकदा एक मॅनेजर भीत भीत बोलला, तर याने त्याच्या बॉयलरला असे काही दोष काढले की बिचारा पुढच्या वर्षी याला न्यायला स्वतः विमानतळावर आला. ऑफिसातले लोक त्याला ‘सोनेरी’ म्हणायला लागले ते तेव्हापासून. टोमणा होता. त्याने तो पदवीसारखा घेतला.

थोरला मोटारी बांधायचा. म्हणजे जळालेल्या पंख्याची, पंपाची मोटार उघडून, जळकी तार ओरबाडून काढून, नवी तांब्याची तार वेढ्यावर वेढे देत भरायची, वर वार्निश ओतायचं आणि भट्टीत सुकवायची. रस्त्याच्या कडेला एक लांबट खोली, पुढून शटर, मागे मोरी, भिंतीवर तारेची रिळं, आणि सगळ्याला तो गोडसर जळका वास. थोरल्याच्या नखांत वार्निश कायमचं बसलं होतं. जेवताना, झोपताना, पोरीच्या लग्नात पाहुण्यांना नमस्कार करतानासुद्धा. वडील लवकर गेले तेव्हा थोरला शाळा सोडून त्या खोलीत बसला आणि धाकटा शाळेत गेला. घरात त्यावर कधी कुणी काही बोललं नाही, आणि धाकट्याने ते हिशेबात धरलं नाही. त्याच्या मते थोरल्याला खोलीबाहेरचं जग झेपलंच नसतं. सोनेरी कार्ड पहिल्यांदा मिळालं तेव्हा तो ते दाखवायला मुद्दाम दुकानात गेला होता. थोरल्याने हातातली तार सुटू नये म्हणून दातात धरली, चष्मा कपाळावर सरकवला, आणि कार्ड उजेडाकडे धरून बघितलं. “याचं काय मिळतं?” तारेमुळे शब्द चेपलेले आले. “पुढे बसायला मिळतं, दादा. सगळ्यांच्या आधी आत सोडतात.” “आधी चढलास म्हणजे आधी पोचतोस?” “तसं नाही. विमान एकच असतं ना.” “मग?” थोरला म्हणाला, आणि खरंच उत्तराची वाट बघत राहिला. बद्द. याने कार्ड परत घेतलं. त्यावर वार्निशचा एक तपकिरी ठसा उमटला होता तो रुमालाने पुसताना त्याला वाटलं, याला काय सांगायचं, हा जन्मभर एकाच गोल डब्यात तार फिरवत बसलाय. एकदा वहिनी म्हणाली होती, “भावोजी, एवढे पॉइंट साठलेत म्हणता, तर आम्हा दोघांना एकदा विमानात बसवा की. वरून ढग कसे दिसतात ते बघू द्या.” तो म्हणाला, “नेतो की, वहिनी. फक्त सुट्टीच्या दिवसांत पॉइंटचं तिकीट चालत नाही.” ते खरं होतं. नियमच होता तो. आणि सुट्टी नसे तेव्हा थोरल्याचं दुकान उघडं असे. त्यामुळे तो विषय पुढच्या वर्षावर आणि तिथून पुढच्या वर्षावर गेला, आणि पॉइंट साठत राहिले, आणि त्यांची किंमत दरवर्षी थोडी थोडी कमी होत राहिली, साबण वापरला नाही तरी वाळून बारीक होतो तशी.

काल संध्याकाळी पुतण्याचा फोन आला तेव्हा तो चहा घेत होता. पुतण्या कामापुरतं बोलणारा. “काका, बाबांना जास्त झालंय. छाती भरलीय. उद्या संध्याकाळी घशात नळी घालून मशीन लावायचं म्हणतायत. मग बोलता येणार नाही त्यांना. त्यानंतर काय ते डॉक्टर सांगत नाहीत नीट.” मग थांबून म्हणाला, “तुम्हाला विचारतायत. दोनदा विचारलं. सकाळी सात वाजताचं सरळ विमान आहे दुसऱ्या कंपनीचं, मी तिकीट काढतो, तुम्ही फक्त बसा.” तिकीट काढतो, म्हणे. कालचं पोर. “तू मला तिकिटं शिकवू नकोस,” तो म्हणाला. “मी बघतो.” आणि त्याने बघितलं. निवृत्तीनंतर उड्डाणं आटली होती. वर्ष संपायला आलं होतं आणि कार्ड राखायला दोन उड्डाणं कमी पडत होती. सरळ विमान परक्या कंपनीचं. आपल्या कंपनीने गेलं तर वाटेत एक शहर, तिथे विमान बदलायचं, आणि दुपारी दोनच्या सुमाराला दवाखान्यात. नळी संध्याकाळी. म्हणजे वेळ होता, भाऊही भेटत होता आणि दोन उड्डाणंही पुरी होत होती. सगळ्यात स्वस्त भावातलं तिकीट होतं. ते काढून झाल्यावर त्याला कोडं सुटल्यासारखं बरं वाटलं होतं, आणि या बरं वाटण्याबद्दल वाईट वाटलं नव्हतं. बायको दारात उभी राहून ऐकत होती. “एकदा तरी सरळ जा,” ती म्हणाली. “तुला कळत नाही त्यातलं.” “नाही कळत. मला एवढंच कळतं की तुमचा भाऊ तिथं झोपलाय आणि तुम्ही इथं गणित घालताय.” मग तिने त्याचे कपडे भरले. पांढरा सदरा घालताना ती क्षणभर थांबली आणि तरी तिने तो घातला. त्याने ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

पहिल्या विमानात त्याला शेवटून दुसऱ्या ओळीत मधली खुर्ची मिळाली. एका बाजूला झोपलेला माणूस, दुसऱ्या बाजूला मांडीवर मूल घेतलेली बाई. पडदा ओढायच्या आधी पुढच्या चार ओळींतली डोकी त्याला दिसत होती. पहिल्या ओळीत डाव्या हाताची जागा नेहमी त्याची असायची. आत येणारा प्रत्येक जण त्याच्या शेजारून जाताना त्याच्याकडे बघायचा आणि तो कुणाकडेच बघायचा नाही. त्याची सगळ्यात आवडती वेळ तीच होती, हे त्याला आज मागे बसून कळलं. विमान अजून हललेलं नाही, प्रवास नाही, पोचणं तर नाहीच. लोक बॅगा ओढत, घामेजून, जागेचा नंबर पुटपुटत मागे जातायत आणि आपण बसलेलो आहोत, एवढंच. मुलाने त्याच्या बाहीवर हात पुसला. “सॉरी हं आजोबा,” आई म्हणाली. सर, काका, आजोबा. सकाळपासून तो किती पायऱ्या उतरला होता. त्याने डोळे मिटले आणि आत थोरला दिसेल असं त्याला वाटलं, तर दिसलं ते ताटातला केस उचलणाऱ्या बोटांमधलं कार्ड.

मधल्या शहराच्या विमानतळावर त्याच्या पायांनी त्याला सवयीने लाउंजच्या काचेच्या दारापर्यंत नेलं. कार्ड लावलं तर दार बोललं नाही. आतला वाढपी ओळखीचा होता, त्याने काचेतून हसून हातही केला, पण दार उघडणं त्याच्या हातात नव्हतं, आणि असतं तरी त्याने उघडलं नसतं. ओळख कार्डाची होती. मग तो गेटजवळच्या जोडलेल्या लोखंडी खुर्च्यांवर जाऊन बसला. एकाने पाय हलवला की सगळी रांग हलायची. थोड्या वेळाने गेटवरच्या माणसाने भोंग्यातून सांगितलं की विमानात जागांपेक्षा जास्त प्रवासी झाले आहेत, कुणी आपखुशीने दुपारच्या विमानाने जाणार असेल तर पुढे यावं. सोनेरी मनाशी हसला. हा खेळ त्याला माहीत होता. विमान कंपन्या जागा असतात त्याहून जास्त तिकिटं विकतात, कारण काही लोक येतच नाहीत. सगळे आले की कुणाला तरी खाली ठेवतात. कुणाला, तेही ठरलेलं असतं: ज्याचं तिकीट सगळ्यात स्वस्त आणि ज्याच्याकडे कार्ड नाही. खूप वर्षांपूर्वी अशाच एका गेटवर तो उशिरा, धावत पोचला होता, आणि त्याच्यासाठी त्यांनी आत बसलेल्या एका माणसाला उठवून खाली आणलं होतं. तो माणूस धुळीचे बूट घालून होता, हातात पिशवी होती आणि पुन्हा पुन्हा म्हणत होता की माझी परीक्षा आहे, मुलाखत आहे, असंच काहीतरी. याने शेजारून जाताना मनात म्हटलं होतं, वाचायला हवं होतं तिकीट. त्या माणसाचा चेहरा त्याला आता आठवेना. बूट मात्र लख्ख आठवले. भोंगा पुन्हा वाजला. आपखुशीने कुणी पुढे आलं नव्हतं. आता नाव पुकारलं गेलं, आणि ते त्याचं होतं.

“चुकतंय तुमचं काहीतरी,” तो गेटवर जाऊन म्हणाला. “मी तुमचा सोनेरी सभासद आहे.” गेटवरचा माणूस जाडसर होता, टाय सैल केलेला, बहुधा सकाळपासून दुसऱ्यांदा शिव्या खात असलेला. “काका, सिस्टिम ठरवते, मी नाही ठरवत. नवीन सिस्टिम आहे, मला तर अजून तिच्यात स्वतःचं नाव सापडत नाही.” “माझा भाऊ आजारी आहे.” हे बोलताना त्याला लाज वाटली. भावाची नव्हे, वाक्याची. मोठ्या रांगेतले लोक असंच बोलायचे. “कळतंय मला,” माणूस म्हणाला, आणि त्याच्या आवाजावरून कळत होतं की दिवसातून बऱ्याच जणांचे भाऊ आजारी असतात. “चार वाजताच्या विमानात पक्की जागा देतो. साडेपाचला उतराल. नाहीतर समोर त्या दुसऱ्या कंपनीचं विमान आहे, अर्ध्या तासात सुटतंय. रिकामं चाललंय. घाई असेल तर तिकडून जा. मी तुमच्या जागी असतो तर गेलो असतो, खरंच.”

समोरच्या काउंटरवर कुणी नव्हतं. तिथली मुलगी नखं बघत बसली होती. त्याने भाव विचारला आणि तिने सांगितला, आणि भाव ऐकून त्याच्या नाकातून जो आवाज निघाला तो तिच्याकरता नव्हता, असा भाव देणाऱ्या जगातल्या सगळ्या गाढवांकरता होता. पैसे नव्हते असं नाही. खिशात होते, बँकेत होते. पण काउंटरवर उभं राहून, सुटायच्या अर्धा तास आधी, सांगतील त्या भावाने तिकीट घ्यायचं? ते त्याने उभ्या जन्मात केलं नव्हतं. आणि इकडचं उड्डाण सोडलं की परतीचं तिकीट आपोआप बाद. सगळी साखळीच तुटणार. चारचं विमान, साडेपाचला उतरणं, नळी संध्याकाळी. संध्याकाळ म्हणजे काही साडेपाच नव्हे, डॉक्टर लोक कधी वेळेवर येतात? “काढू का, सर?” मुलीने विचारलं. ‘सर’ ऐकून तो थोडा सुखावला. “नको,” तो म्हणाला. ते विमान मग काचेतून त्याच्या डोळ्यांदेखत मागे सरकलं, वळलं आणि गेलं. खिडक्यांची अर्धी झापडं लावलेली होती. त्याने ते बघितलं आणि स्वतःला सांगितलं की बाराशे किलोमीटर उडायला एवढे पैसे मोजणारे असतात म्हणूनच या कंपन्या माजतात. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण लोक दुसऱ्यांसाठी वापरतात.

दुपारी जेवणाची वेळ टळून गेल्यावर त्याला आठवलं की अशा वेळी कंपनी भरपाई देते. हक्क असतो तो. खाली ठेवलेल्या प्रवाशाला पॉइंट मिळतात, चांगले घसघशीत. तो पुन्हा गेटवर गेला. सैल टायवाला तिथेच होता. “हो, देतो ना,” तो म्हणाला, “आत्ता टाकतो तुमच्या खात्यात.” “ते खर्चायचे पॉइंट झाले. पायरीसाठी धरतात का ते सांगा.” “पायरी म्हणजे?” “कार्डाची पायरी. तुमचे दोन प्रकारचे पॉइंट असतात, एक तिकीट घ्यायला चालतात, दुसरे कार्ड राखायला. भरपाईचे कुठल्यात पडतात?” “नवीन सिस्टिममध्ये...” “नवीन सिस्टिमचं मला सांगू नका. लेखी दाखवा.” माणूस कळफलकावर काही तरी शोधू लागला. सोनेरी काउंटरवर वाकून उलट्या बाजूने पडदा वाचायचा प्रयत्न करत होता. बऱ्याच दिवसांनी त्याच्या अंगात रक्त नीट फिरत होतं. समोरचा पत्रा बद्द बोलत होता आणि हातात हातोडी होती. खिशातला फोन वाजला. पुतण्या. “काका, संध्याकाळपर्यंत थांबत नाहीत म्हणतायत. आत्ताच नेतील. बाबा जागे आहेत, बोला तुम्ही, मी फोन त्यांच्या...” “एक मिनिट,” तो म्हणाला, आणि फोन कानापासून थोडा दूर धरून समोरच्याला म्हणाला, “नाही, नाही, हा रकाना नव्हे. मी इतकी वर्षं तुमच्याकडे उडतोय, मला फसवायचं नाही. पायरीसाठी धरतात की नाही, एवढंच सांगा, हो की नाही.” “नाही धरत, काका.” “मग ती भरपाई कसली? तुमच्या वरिष्ठांना बोलवा.” मग फोनमध्ये म्हणाला, “मी करतो दोन मिनिटांत. काउंटरवर आहे.” आणि बंद केला. वरिष्ठ आली, तिनेही तेच सांगितलं, फक्त बसून सांगितलं. दोन मिनिटांनी त्याने फोन लावला. मग पुन्हा लावला. तिसऱ्यांदा पुतण्याने उचलला आणि म्हणाला, “नेलं आत.” मागे कुठेतरी चाकं खडखडत चालली होती. “बरं,” तो म्हणाला. गेटवरचा सैल टायवाला त्याच्याकडे बघत होता. त्याने पाण्याची बाटली पुढे केली. सोनेरीने ती घेतली नाही. फुकट वाटायच्या असतात त्या, नियमात आहेत.

चारच्या विमानात त्याला खिडकी मिळाली, खाली ढग होते. ते नेहमीसारखेच होते. त्याने झापड ओढून घेतलं. आता राग यायला हवा होता आणि तो कुणाचा तरी यायला हवा होता, म्हणून तो एकेकाला पुढे उभं करत होता. कंपनी. ताटातून केस उचलणारी ती मुलगी. पुतण्या, ज्याला नीट फोन करता येत नाही. डॉक्टर, ज्यांची संध्याकाळ दुपारी होते. प्रत्येकावर ठोका देऊन बघितला. आवाज सगळीकडून येत होता तसाच आला, आणि मग त्याला अशी शंका चाटून गेली की इतकी वर्षं बॉयलरच्या पोटात बसून माणूस ठोके देतो तेव्हा आवाज पत्र्याचा येतो की आतल्या पोकळीचा, हे त्याला ठरवता आलं होतं ते फक्त बॉयलरपुरतं, माणसांच्या बाबतीत पोकळी आपलीच असू शकते. ही शंका त्याला आवडली नाही. त्याने तिच्यावरही झापड ओढलं.

दवाखान्यात वहिनी भिंतीला टेकून बाकावर बसली होती, मांडीवर थोरल्याचा चष्मा आणि एका डबीत त्याची कवळी. तिने याच्याकडे बघितलं, रडली नाही, थोडी सरकली आणि जागा करून दिली. “जेवलात का, भावोजी?” “विमानात झालं,” तो म्हणाला. झालं नव्हतं. काचेतून आत थोरला दिसत होता. तोंडात नळी, छाती मशीनच्या तालावर वर-खाली होत होती, शिस्तीत, थोरला स्वतः कधीच श्वास घ्यायचा नाही अशी. चादरीवर हात होते आणि नखांत वार्निश होतं. कुणा नर्सने ते घासून काढायचा प्रयत्न केला असावा. बोटांची टोकं लाल झाली होती. “काही म्हणाला का?” त्याने विचारलं. त्याला वाटलं होतं की हा प्रश्न विचारताना आपला आवाज फाटेल, पण तो नेहमीसारखाच आला, खुलासा मागितल्यासारखा. “कधी?” “आत नेण्याआधी.”

वहिनीने चष्म्याच्या काड्या मिटल्या. “पोरानं फोन लावला तेव्हा मोठ्याने लावला होता. त्यांना कमी ऐकू येतं ना. तर तुमचं सगळं ऐकू आलं आम्हाला. ते पायरीचं, रकान्याचं.” भिंतीवर हात धुवायच्या पायऱ्यांचं चित्र होतं, तो ते वाचत होता. “मी पोराला म्हटलं, बंद कर मेला तो फोन. तर हे हात हलवून नको म्हणाले. ऐकत राहिले. मग हसले.” “हसला?” “हसले की. दम लागला हसताना. म्हणाले, भांडतोय. मी म्हटलं, या वेळेला कसलं हो भांडण? तर म्हणाले, भांडू दे. त्याला ते करताना बरं वाटतं. मग वॉर्डबॉय आले.” तिने चष्मा डबीशेजारी ठेवला. मग, बायका भाजी निवडताना किडकी शेंग बाजूला टाकतात तितक्या सहज म्हणाली, “मला विचाराल तर मला तुमची कीव आली, भावोजी. त्यांना नाही आली. ते तसलेच.”

कीव. आजवर ती तो वाटत आला होता, वरून, पहिल्या ओळीतल्या डाव्या खुर्चीतून. आता ती त्याच्या शेजारी बाकावर येऊन बसली होती, वहिनीच्या आणि त्याच्या मध्ये, जागा अडवून. त्याने थोरल्याला मनातल्या मनात एक ठोका दिला, जुन्या सवयीने, बघू काय बोलतो. काचेपलीकडून मशीनचा सुस्कारा आला. त्याने मन फिरवलं आणि आपल्या परतीच्या तिकिटाचा विचार करायला घेतला. परवाचं होतं ते, बदलायचं तर दंड होता. तो विचार अर्ध्यावर बंद पडला, पुढे गेलाच नाही. पुतण्या चहा घेऊन आला. “काका, तुमची बॅग घरी ठेवून येऊ का?” “नको,” तो म्हणाला. “मी थांबतो इथेच.” “मग परतीचं?” “जाऊ दे.”

तो तिथे थांबला. पुढचे दिवस त्याने वहिनीला घरी पाठवून स्वतः बाकावर काढले, औषधं आणली, डॉक्टरांशी भांडला, पार्किंगवाल्याशी भांडला, आणि थोरल्याच्या खोलीत सोडायचे तेवढा वेळ त्याच्या शेजारी खुर्चीत बसून राहिला. ज्याला बोलायचं होतं त्याच्या तोंडात नळी होती. त्याचं परतीचं विमान त्याच्याशिवाय गेलं. थोरल्याला शुद्ध आली नाही. रविवारी दुपारी थोरला गेला. त्या वेळी खोलीत वहिनी होती, मुलगा होता, आणि धाकटाही होता.